चव्वेचाळीस नंबरचा ठसा

बॉयलरच्या कारखान्यात एक नियम आहे, आणि तो कुठल्याही साहेबाच्या नियमापेक्षा जुना आहे: ज्याने जोड केला त्याने त्यावर आपला ठसा मारायचा. वेल्डिंग गार झालं, वरची खपली हातोडीने उडवली, तारेच्या ब्रशने घासून जोड लख्ख केला, की खिशातून बोटाएवढा पोलादी पंच काढायचा, जोडाच्या शेजारी टेकवायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. पंचावर ज्याचा त्याचा नंबर कोरलेला. उद्या तो बॉयलर कुठे फुटलाच, तर ढिगाऱ्यातून तुकडा शोधतात, नंबर वाचतात आणि सरळ तुमचं दार वाजवतात. त्यामुळे या धंद्यात कामचुकार नसतातच असं नाही, पण असतात त्यांना झोप नीट लागत नाही.

चव्वेचाळीस नंबर होता चिमट्याचा.

चिमटा हे काही कागदावरचं नाव नव्हे. कागदावरची नावं दोन झाली, एक आईबापांनी ठेवलेलं आणि एक त्याने स्वतः घेतलेलं, आणि त्या दोन नावांच्या मधे जे काही झालं त्याचीच ही गोष्ट आहे. चिमटा हे घरातलं. पाळण्यात असताना त्याने आजोबांची मिशी धरली ती सोडेना. आजोबा कळवळले, आई घाबरली, आणि बाप म्हणाला, "हे कार्टं आहे की चिमटा?" तेच चिकटलं. जन्माच्या दाखल्यावर मुलगी लिहिलेलं होतं, पण चिमटा म्हणायला मुलगी काय नि मुलगा काय, सगळ्यांनाच सोयीचं. पुढे कपडे बदलले, आवाज बदलला, कागद बदलले. हे एक नाव तेवढं होतं तसं राहिलं, आणि स्वभावही. एकदा धरलं की धरलं.

वेल्डिंगच्या शाळेत त्याने नाव घातलं तेव्हा वर्गात बाकी सगळे मुलगे. तिथून पास होऊन कारखान्यात आला तो मामांच्या हाताखाली. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या कारखान्याचे मामा. नंबर एकोणीस. हात देवाचा आणि तोंड बिनकुलपाचं. काच डोळ्यांवर ओढली की तेवढा वेळ गप्प, काच वर केली की मागचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे. मामांच्या ठशाची एक गंमत होती. तरुणपणी मनगट मोडलं होतं, ते जरा तिरकं बसलं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक ठसा डावीकडे कललेला उमटायचा. मामा म्हणायचे, "नंबर वाकडा चालेल, जोड सरळ पाहिजे." चिमट्याला त्यांनी सगळं शिकवलं, आणि ज्या दिवशी त्याला परवाना मिळाला त्या दिवशी चव्वेचाळीस नंबरचा पंच स्वतःच्या रुमालात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला.

चिमट्याने तो पंच बरीच वर्षं वापरला. इस्पितळांचे बॉयलर, धुलाई-घरांचे, जहाजांचे. त्याचे जोड कुठे कुठे वाफ धरून बसलेत, त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आणि या सगळ्या वर्षांत काचेमागचा माणूस आपण कोण आहोत हे पक्कं ओळखून होता, फक्त तोंडाने म्हणत नव्हता.

म्हटलं ते बाप गेल्यानंतर, पस्तिशीच्या अलीकडे, जेवणाच्या टेबलावर. आई होती, ताई माहेरी आलेली होती. मी बाई नाही, कधीच नव्हतो, आणि आता पुरुष म्हणूनच राहणार आहे, असं त्याने ताटाकडे बघत सांगितलं. ताई घास गिळून म्हणाली, "एवढं सांगायला इतकी वर्षं घेतलीस? माझ्या लग्नात तुला तो झालरीचा झगा घातला, तर दिवसभर असं तोंड करून बसला होतास की पाहुण्यांना वाटलं घरात कुणी गेलंय." आई मात्र उठून ताटं विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी चिमटा कामावरून आला तर भिंतीवरचा फोटो नाहीसा. शाळेतला होता, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. त्याच्या जागी भिंतीचा फिकट चौकोन.

"फोटो कुठाय, आई?"

"आत ठेवलाय. तुला बघवणार नाही म्हणून."

"का नाही बघवणार? ते बोळकं मीच आहे. लाव परत."

"अरे, पण वेण्या?"

"वेण्या तू घातल्यास. मी कुठे मागितल्या होत्या?"

आईला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. पण फोटो त्याच खिळ्यावर परत गेला. त्या दिवसापासून तिने त्याला 'अरे' म्हणायला सुरुवात केली, चुकत-माकत, आणि चुकली की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची.

पुढचं सगळं दवाखान्यांचं नि कागदांचं. आवाज फुटला, मिशी आली. ती अगदी आजोबांसारखी, विरळ. ओळखपत्राच्या कार्यालयाने ठरलेली कागदपत्रं बघितली आणि नवं नाव, नवी ओळख लिहून दिली. तिथल्या बाईंनी तर मिशीचं कौतुकही केलं. चिमट्याला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेव्हा त्याला परवाना मंडळ ठाऊक नव्हतं.

वेल्डरचा परवाना ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. चिमटा नवं ओळखपत्र घेऊन गेला. खिडकीमागच्या साहेबांनी परवाना बघितला, ओळखपत्र बघितलं, चिमट्याकडे बघितलं, आणि पुन्हा परवाना बघितला.

"हा एका बाईचा परवाना आहे."

"माझाच आहे. नाव बदललंय. हा बघा आदेश."

"नाव बदललं तर चालतं हो. इथे माणूसच बदललाय. परवाना एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला देता येत नाही."

"दुसरा माणूस कोण?"

"तुम्ही." साहेब तसे वाईट नव्हते. आवाज उतरवून म्हणाले, "कशाला डोकं फोडता? नव्याने अर्ज करा, परीक्षा द्या, नवा नंबर घ्या. जुना बंद करून टाकू. सुंठीवाचून खोकला गेला." आणि त्यांनी नवा अर्ज पुढे सरकवला. त्यात सहीच्या वर एक ओळ छापलेली होती: यापूर्वी माझ्याकडे कोणताही परवाना नव्हता.

चिमट्याने अर्ज तसाच परत सरकवला.

आता तुम्ही म्हणाल, काय बिघडलं असतं? कारखान्यात सगळे हेच म्हणाले. फोरमन म्हणाले, "परीक्षा म्हणजे तुझ्या हातचा मळ. सही कर आणि मोकळा हो." पण चिमट्याचं म्हणणं सरळ होतं. परीक्षेला तो भीत नव्हता. सही केली तर चव्वेचाळीस नंबर म्हणजे मेलेल्या बाईचा नंबर होणार होता. जगभर पसरलेले ते सगळे जोड कुणाचेच नाहीत असं होणार होतं, आणि तो स्वतः या वयात कालचा शिकाऊ. "मी जोड केले तेव्हा काचेमागे मीच होतो," तो फोरमनना म्हणाला. "दुसरं कुणी होतं असं मी लिहून देणार नाही."

मग परवाना नाही म्हणून त्याला जोड करायला बंदी झाली. इतरांच्या जोडांवर ग्राइंडर फिरवायचं काम मिळालं. नियमाप्रमाणे पंचही जवळ ठेवता येईना, तो त्याने मामांच्या हवाली केला. आणि सोंगटी एकदा हलली की पट सगळाच हलतो. आजवर तोंडावर हसणाऱ्यांतल्या दोघांनी तक्रार दिली की पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत हा नको. बायकांच्या खोलीत तो स्वतःच जाणार नव्हता. शेवटी तो रॉडच्या कोठीत कपडे बदलायला लागला. वेल्डिंगचे रॉड दमट होऊ नयेत म्हणून तिथे भट्ट्या सतत चालू असतात. कुणी विचारलं की म्हणायचा, "माझी खोली सगळ्यात उबदार." पण त्या कोठीत एकटा उभा राहून शर्टाची बटणं लावताना त्याला कितीदा रडू यायचं, ते फक्त त्यालाच ठाऊक. अपमान झाला होता, आणि तो अपमानच होता, त्याला दुसरं नाव नाही.

घरी त्याने जाहीर केलं की कोर्टात जाणार. आई म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मला शहाणा आजवर कुणी म्हटलंय?"

ताई म्हणाली, "चढ. डबा मी आणीन."

वकीलबाई मिळाल्या त्या बूटदुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर बसणाऱ्या. जिन्यापासून टेबलापर्यंत सरसाचा वास, आणि बाईंना बारमाही सर्दी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मंडळ म्हणतं, ती एक आणि हा एक. आपण म्हणायचं, एकच. खटला एवढाच आहे. पण एवढंच सिद्ध करायला लोकांची हाडं झिजतात, आधीच सांगून ठेवते."

तारखा पडत गेल्या. लाकडी बाकावर बसून चिमट्याला कोर्टाचं छत पाठ झालं. ताई खरंच प्रत्येक तारखेला डबा घेऊन यायची, आणि निम्मा डबा वकीलबाईच खायच्या. मंडळाचे वकील म्हणजे साखरेत घोळलेला माणूस. आवाज चढवणं नाही, टोमणा नाही, सगळं कसं अदबीने. एकदा त्यांनी विचारलं, "मग आपण नक्की कोण, ते जरा कोर्टाला सांगाल?"

"वेल्डर," चिमटा म्हणाला.

न्यायाधीशांनी मान खाली घालून चष्मा पुसायला घेतला. ते वयस्कर गृहस्थ होते, कमी बोलणारे. त्यांच्यापुढे वकीलबाईंनी सगळा भार ठशावर टाकला. या धंद्यात माणसाची ओळख चेहरा नव्हे, नाव नव्हे, ठसा आहे. ठसा खोटं बोलत नाही, कारण ज्याचा हात त्याचाच ठसा. हात तोच आहे, मग ठसा दुसऱ्याचा कसा? न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर बाई डब्यातली पोळी मोडत म्हणाल्या, "बसलं बरं का नीट." ताईने डबा पुढे सरकवला.

आणि इथे मामांनी घोळ घातला.

त्यासाठी कारखान्यातली आणखी एक रीत सांगायला हवी. परवान्याचा नियम असा की सहा महिन्यांत ज्याचा एकही ठसा उमटला नाही, त्याचा परवाना आपोआप बंद पडतो. आता माणूस आजारी पडतो, पाय मोडून घरी बसतो. अशा वेळी जवळचा कुणीतरी आपल्याच एखाद्या जोडावर त्याचा ठसा मारून टाकतो. याला म्हणतात ठसा जागा ठेवणं. हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी दोस्तीखातर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. फोरमनही तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतात. चिमट्याला जोडबंदी होऊन पाच महिने उलटत आले, आणि मामांना घोर लागला. पोराचा खटला चाललाय आणि त्याचा ठसा झोपतोय. त्यांनी एका बॉयलरला झकास जोड केला, रुमालातून चव्वेचाळीस नंबरचा पंच काढला आणि मारला. कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात एवढं एकच गुपित या माणसाने पोटात ठेवलं, आणि ते नेमकं हे.

मंडळाच्या तपासनिसाला तो ठसा दिसला.

पुढच्या तारखेला मंडळाच्या वकिलांनी फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला. "बंदीच्या काळातला जोड आहे, महाराज. वर चव्वेचाळीस नंबर. आता दोनच गोष्टी असू शकतात. एक, यांनी बंदी मोडून काम केलं. दोन, हा ठसा दुसऱ्याच कुणी मारला. पहिलं खरं असेल तर यांना परवाना मागायचा हक्क नाही. दुसरं खरं असेल, तर ठसा खोटं बोलतो. मग माझ्या विद्वान सहकारी वकीलबाईंचा सगळा युक्तिवादच गेला." आणि ते हसून खाली बसले.

फोटो चिमट्याच्या हातात दिला. चव्वेचाळीस, डावीकडे कललेला. तो बघून, घाव कुणाच्या हातचा याबद्दल चिमट्याच्या मनात शंकेला जागाच राहिली नाही. न्यायाधीशांनी पुढच्या तारखेपर्यंत उत्तर द्यायला सांगितलं.

बाहेर वकीलबाईंना त्याने खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ नाक पुसत राहिल्या. "म्हणा, मला माहीत नाही. तुम्ही तिथे नव्हतात, तेव्हा ते खोटंही ठरत नाही."

"पण माहीत आहे ना मला."

"मामांचं नाव घेतलंत तर त्यांचा परवाना जाईल."

तेच तर होतं. मामांना निवृत्त व्हायला थोडे महिने उरले होते. आणि त्या कारखान्यात निवृत्तीच्या दिवसाला मोठा मान. त्या दिवशी म्हातारा शेवटचा जोड करतो, आणि तो ठसा मारायला हातोडी उचलतो तेव्हा सगळी यंत्रं बंद करतात. अख्ख्या कारखान्यात तो एकच घाव ऐकू येतो. मामा गेली कित्येक वर्षं त्या घावाच्या गोष्टी सांगत आले होते, कुठला जोड घेईन, कुणाला शेजारी उभं करीन. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चिमटा सुट्टीच्या दिवशी सकाळी मामांच्या घरी गेला.

मामा खुर्चीचा मोडका पाय बसवत होते. मामींनी चहा आणला. चिमट्याने कपाला हात लावला नाही.

"मामा, तो ठसा तुम्ही मारलात."

मामांनी पाय खाली ठेवला. "तुझा ठसा झोपू नये म्हणून रे. सहा महिने होत आले होते. तू तिकडे भांडतोयस आणि इकडे आपोआप बंद पडला असता तर?"

"मी तिकडे शपथेवर सांगतोय की ठसा खोटं बोलत नाही. आणि तुम्ही त्याला खोटं बोलायला लावलंत."

"सगळेच करतात."

"सगळ्यांचं सोडा. माझं सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं. मंडळाने माझे जोड दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकले म्हणून मी कोर्टात गेलो. तुम्ही तुमचा जोड माझ्या नावावर टाकलात. मग तुमच्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?"

हे फार लागलं. बोलल्याबरोबर चिमट्यालाही लागलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. मामी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो. मी विचारलं होतं तुम्हाला, त्या रुमालात काय एवढं घेऊन जाताय म्हणून." मामा, ज्यांना गप्प करायला आजवर वेल्डिंगची काचच लागायची, ते तसेच बसून राहिले. मग खुर्चीकडे बघत म्हणाले, "माझ्यासाठी तू खोटं बोलू नकोस. मी येतो."

"तुमचा शेवटचा ठसा जाईल, मामा."

"जाईल. चहा पी, गार होतोय."

चिमट्याने गार चहा पिऊन टाकला. त्याला वाटत होतं मामांच्या गळ्यात पडावं आणि एकदा गदागदा हलवावंही. दोन्ही केलं नाही. खुर्चीचा पाय धरून ठेवला, मामांनी खिळा मारला.

तारखेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला उभे राहिले. अख्खा कारखाना धास्तावला होता की मामा एकदा सुरू झाले की कोर्ट उठेपर्यंत थांबायचे नाहीत. पण मामा एवढंच म्हणाले, "जोड माझा आहे. ठसा त्याचा मी मारला. त्याला माहीत नव्हतं."

मंडळाचे वकील उठले. "म्हणजे ठसा खोटं बोलू शकतो, हे आपल्याला मान्य?"

"ठसा काय बोलतो, साहेब. खोटं मी बोललो."

न्यायाधीशांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चिमट्याला पुढे बोलावलं. "तुम्हाला कायदा समजावून सांगतो. या साक्षीनंतर तो ठसा तुमचा धरता येत नाही. म्हणजे सहा महिन्यांत तुमचा एकही ठसा नाही. एकच माणूस म्हणून तुमचं म्हणणं मी मान्य केलं, तरी परवाना मुदतीमुळे बंद पडलेला निघतो. तुम्ही गप्प राहिला असतात तर हा साक्षीदार आज इथे आला नसता. हे तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं."

"मग?"

मागे बाकावर आई पहिल्यांदाच आली होती, ताईचा हात धरून बसलेली. "महाराज, जो जोड माझा नाही तो मला नको. एकही नको. पण जे माझे आहेत, ते मी बाईच्या नावाने केलेले असोत की कुणाच्याही, ते सगळे माझे आहेत. त्यातला मी एकही सोडणार नाही. एखादा फुटला तर मलाच बोलवा."

वकीलबाई नाक पुसायचं विसरल्या.

निकाल पुढच्या तारखेला आला, आणि तो छोटा होता. न्यायाधीशांनी लिहिलं की आपल्या फायद्याचा खोटा ठसा जो नाकारतो आणि जुन्या प्रत्येक जोडाची जबाबदारी स्वतःहून डोक्यावर घेतो, तो त्या जोडांचा कर्ता नाही असं म्हणायला मंडळाकडे काहीही आधार नाही. ती आणि हा एकच माणूस आहे. चव्वेचाळीस नंबर त्याच्याच नव्या नावाने चालू राहील, मागच्या सगळ्या वर्षांसकट. कपडे बदलायच्या खोलीपासून कामापर्यंत त्याला वेगळं वागवता येणार नाही, असंही कारखान्याला बजावलं. मात्र मुदत उलटली असल्याने, आजारपणातून परतणाऱ्या कुठल्याही वेल्डरसारखी त्याने फेरपरीक्षा द्यावी. वकीलबाई उसळून उठल्या, मुदत उलटली ती मंडळाच्याच बंदीमुळे, असं म्हणायला. चिमट्याने त्यांची बाही धरली. "राहू द्या. परीक्षेला मी नाही म्हटलंच कधी? नाही म्हटलं ते त्या सहीला."

मामांचा परवाना वर्षभरासाठी निलंबित झाला, येत्या सोमवारपासून. वर्षाच्या आतच ते निवृत्त होणार होते, त्यामुळे शेवटचा जोड गेला तो गेलाच.

त्याच आठवड्यात झालेल्या फेरपरीक्षेला खिडकीमागचे तेच साहेब हजर होते. या वेळच्या अर्जावर ती ओळ नव्हती, वरच्या कोपऱ्यात चव्वेचाळीस लिहिलेलं होतं. साहेबांनी अर्ज दिला आणि जरा घुटमळत म्हणाले, "मनात काही ठेवू नका."

"ठेवणार," चिमटा म्हणाला. "पण कामाच्या आड येऊ देणार नाही." आणि त्याने काच खाली ओढली. जोड कसा झाला हे सांगायला नको.

उरला तो आवारात पुराव्यासाठी अडकून पडलेला बॉयलर. तपासनिसाने सांगितलं, खोटा ठसा घासून काढा, ज्याने जोड केला त्याने आपला मारावा, मग बॉयलर जाऊ द्या. मामांच्या परवान्याचा तो शेवटचा कामाचा दिवस, शुक्रवार.

चिमट्याने ग्राइंडर हातात घेतला. या काही महिन्यांत त्याने इतरांच्या जोडांवर तो इतका फिरवला होता की हात आपोआप चालायला हवा होता, पण आपलाच नंबर घासायला हात पुढे होईना. मामा शेजारी उभे होते. "घास," ते म्हणाले, "तुझा नाही तो." चिमट्याने घासला. ठिणग्या उडाल्या, चव्वेचाळीस पुसट झाला, मग गेला. पत्रा कोरा झाला.

मामांनी खिशातून आपला पंच काढला. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, पण मागे फोरमननी हात वर केला होता. एकेक यंत्र थांबत गेलं, पंखे थांबले, भट्टीचा घुमारा तेवढा राहिला. पुरुषांच्या खोलीत हा नको म्हणणारे दोघेही हातमोजे काढून उभे होते. मामांनी मागे वळून पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"मारा, मामा," चिमटा म्हणाला. "हा तुमचाच आहे."

मामांनी पंच टेकवला. हातोडीचा घाव बसला आणि त्याचा आवाज लांबच्या भिंतीपर्यंत गेला. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं.

"बघ रे, सरळ आलाय का?"

चिमट्याने वाकून अंगठा फिरवला. "नाही. वाकडाच."

"मग माझाच," मामा म्हणाले, आणि खिशातला रुमाल सोडून त्यांनी चव्वेचाळीस नंबरचा पंच त्याच्या तळहातावर ठेवला.